स्टार्टर कुठला घेऊ आणि करिअर कुठलं? रविवारच्या टेबलावर नव्याने येणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागेत आमचा पोकेमॉनचा (पकडून पाळायचे, लढवायचे काल्पनिक प्राणी) टेबल-गेम चालतो, कागद पेन्सिल आणि फासे, मोबाईल पिशवीत. नवीन येणारा माणूस आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जे विचारतो ते जवळजवळ ठरलेलं असतं, म्हणून एका जागी लिहून टाकतोय. जिथं "गेममध्ये" म्हटलंय तिथं निन्टेंडोवरच्या मूळ गेम्सबद्दल बोलतोय, जिथं "आमच्याकडं" म्हटलंय तो आमचा घरचा नियम आहे, तो दुसऱ्या ग्रुपात जाऊन अधिकृत म्हणून सांगू नका, भांडणं होतात.

१. दादा, स्टार्टर म्हणजे पहिला पकडलेला पोकेमॉन का?

नाही, स्टार्टर पकडायचा नसतो, तो मिळतो. गेममध्ये प्रवास सुरू व्हायच्या आधी कुणीतरी मोठा माणूस, बहुतेक वेळा प्रोफेसर, तीन पोकेमॉन समोर ठेवतो, एक गवताचा, एक आगीचा, एक पाण्याचा, आणि त्यातला एक तुमचा. पाणी आगीवर भारी, आग गवतावर, गवत पाण्यावर, असं हे गोल फिरतं. १९९६ला जपानात पहिले गेम आले तेव्हा ही तिकडी होती बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल, आणि कांटो या पहिल्या प्रदेशापासून पाल्डिया या नवव्यापर्यंत नऊही पिढ्यांत प्रत्येक नव्या प्रदेशाची आपली तिकडी आहे. हातात येतो तेव्हा तो बहुधा लेव्हल ५चा असतो. आमच्याकडं पण ५च. तीन सोडून दुसरा पाहिजे असेल तर प्रश्न ७ आणि ८ बघा.

२. आधी करिअर ठरवायचं का आधी स्टार्टर?

आधी करिअर, म्हणजे खेळातल्या तुमच्या माणसाचं काम. याच्यावर माझं मत पक्कं आहे. नवीन पोरगं येतं ते चित्र बघून स्टार्टर ठरवूनच येतं आणि मग करिअरच्या रकान्यात सवयीनं "ट्रेनर" (पोकेमॉन लढवणारा) लिहितं, आणि तिसऱ्या बैठकीला म्हणतं की मला लढाया बोअर होतायत. होणारच की, तुला लढायचंच नव्हतं, तुला प्राणी पाळायचे होते. म्हणून मी पहिल्या दिवशी एकच विचारतो: तुझा माणूस सकाळी उठून करतो काय? शेतावर जातो, दवाखान्यात जातो, जंगलात फिरतो, वहीत नोंदी करतो, का बॅजच्या, म्हणजे जिंकल्याच्या बिल्ल्यांच्या, मागं गावोगाव हिंडतो? ते ठरलं की स्टार्टर आपोआप सुचतो, कारण त्या कामात रोज सोबत कोण चालेल एवढाच प्रश्न उरतो.

३. ट्रेनर सोडून दुसरं काय होता येतं? कार्टूनमध्ये तर सगळे लढतच असतात.

लई काय काय. पोकेमॉन सेंटरमधल्या नर्स येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पोकेमॉन फुकट बरे करतात, डे-केअरवाले म्हातारा-म्हातारी दुसऱ्यांचे पोकेमॉन सांभाळतात, प्रोफेसर अभ्यास करतात आणि पोकेडेक्स, म्हणजे पोकेमॉनची नोंदवही, तुमच्या हातात देऊन फिरायचं काम तुमच्यावर ढकलतात. होएन प्रदेशात कॉन्टेस्ट असतात, तिथं पोकेमॉन किती मारतो हे कुणी विचारत नाही, दिसतो कसा आणि सादर कसा होतो ते बघतात. रुबाब, सौंदर्य, गोंडसपणा, हुशारी आणि रांगडेपणा असे पाच प्रकार, आणि त्याची तयारी म्हणून बेरी दळून पोकेब्लॉक करून खायला घालायचे. रेंजर हे वेगळंच प्रकरण आहे, ते प्रश्न १० मध्ये.

आणि जिम लीडर, म्हणजे ज्याला हरवून बॅज मिळतो तो, फक्त जिम लीडरच असतो असं पण नाही. गॅलार प्रदेशाचा मायलो शेतकरी आहे, त्याच्या जिमची परीक्षाच वूलू मेंढ्या हाकत न्यायची आहे. युनोवाचा क्ले खाणीचा मालक. पाल्डियात तर विचारू नका, केटी बेकरीवाली, कोफू आचारी, ब्रॅशियस चित्रकार-शिल्पकार, आयोनो लाइव्ह स्ट्रीम करून पोट भरते. आणि लॅरी, सूट घातलेला, चेहऱ्यावर थकवा असलेला नोकरदार, जो नॉर्मल टाइपचा जिम लीडर पण आहे आणि जिमच्या वरच्या चौघा ट्रेनरांच्या एलिट फोरमध्ये उडणाऱ्या पोकेमॉनचा संघ घेऊन पण उभा राहतो, दोन्ही वरिष्ठांनी सांगितलं म्हणून. आमच्या ग्रुपातल्या नोकरीवाल्यांचा सगळ्यात लाडका माणूस तो आहे, कारण सांगायला नको.

म्हणून आमच्याकडं नियम असा: एक मुख्य करिअर, एक जोडधंदा. दोन्ही कागदावर लिहायचे.

४. ट्रेनरला पगार असतो का? पोटापाण्याचं काय?

पगार नाही. गेममध्ये दुसऱ्या ट्रेनरला हरवलं की बक्षिसाचे पैसे मिळतात, समोरचा कोण आहे आणि त्याच्या पोकेमॉनची लेव्हल किती यावर रक्कम ठरते. हरलात तर उलटं, जुन्या गेममध्ये खिशातले अर्धे पैसे जायचे. पोकेमॉन पकडायचा साधा पोकेबॉल गेममधल्या २००ला. त्यामुळं सुरुवातीला जो ट्रेनर दिसेल त्या प्रत्येकावर बॉल फेकतो (म्हणजे दिसेल त्या पोकेमॉनवर, ट्रेनरवर नाही, हे पण एकानं विचारलं होतं) तो चार गावं जायच्या आत कफल्लक होतो. आणि चंद्रपर्वताच्या अलीकडं सेंटरमध्ये एक माणूस ५००ला मॅजिकार्प नावाचा मासा विकतो त्याच्यापासून सावध, किंवा नका राहू सावध, प्रश्न ८ वाचा. आमच्याकडं जोडधंद्याचे पैसे दर बैठकीला ठरलेले मिळतात, ट्रेनरला मात्र जिंकल्यावरच.

५. तिघांत भारी कुठला? एकच नाव सांगा.

एकच सांगायचं तर कांटोत बल्बासॉर, पण "भारी" म्हणून नाही, "सोपा" म्हणून. पहिला जिम लीडर ब्रॉक, त्याच्याकडं जिओड्यूड आणि ऑनिक्स, दोघं दगड आणि जमीन अशा दुहेरी टाइपचे, त्यांच्यावर गवत आणि पाणी दोन्ही चौपट लागतं. दुसरी मिस्टी, पाण्याची, तिथं परत गवत. तिसरा लेफ्टनंट सर्ज विजेचा, गवताला वीज निम्मीच लागते. म्हणजे पहिले तीन बॅज बल्बासॉरवाला निवांत घेतो. स्क्वर्टलवाला पहिला बॅज हसत घेतो, पुढं जरा रेटावं लागतं. चारमँडरवाल्याला पहिल्या दोन्ही ठिकाणी घाम फुटतो.

तरी दर वेळी निम्मं टेबल चारमँडरच घेतं, कारण पुढं लेव्हल वाढली की रूप बदलून त्याचा चारिझार्ड होतो ना. घ्या की. फायररेड-लीफग्रीन गेम्समध्ये तो लेव्हल १३ला मेटल क्लॉ शिकतो, ते दगडावर चालतं, आणि नाहीतर २२ नंबरच्या रस्त्यावर मँकी पकडा आणि ब्रॉकसमोर त्याला उतरवा. तिघांच्या शेवटच्या रूपांत वेगाला चारिझार्ड पुढं आहे, मूळ वेग १००, व्हीनसॉरचा ८० आणि ब्लास्टॉइजचा ७८. फक्त एक ध्यानात ठेवा, चारिझार्ड ड्रॅगन दिसतो पण टाइप आग आणि उडणारा असा आहे, मेगा चारिझार्ड एक्स हे खास रूप सोडलं तर ड्रॅगन टाइप कुठंच नाही, आणि दगडाचा मार त्याला चौपट बसतो. यावरून आमच्या टेबलावर जेवढे वाद झालेत तेवढे राजकारणावरून झाले नसतील.

६. मी घेतल्यावर रायव्हल (गेममधला प्रतिस्पर्धी) कुठला घेतो?

प्रदेशावर आहे. पहिल्या गेम्समध्ये प्रोफेसर ओकचा नातू मुद्दाम तुमच्यावर भारी पडणाराच उचलतो, खोडसाळ आहे तो, आणि पुढं जाऊन विरिडियनचा जिम लीडर होतो, म्हणजे करिअर त्याचं पण झालंच. अलोलातला हाऊ, गॅलारचा हॉप आणि पाल्डियातली नेमोना मात्र तुमच्यापेक्षा कच्चा टाइप घेतात. आमच्याकडं रायव्हल पाहिजे का नको हे तुम्ही सांगायचं. लहान पोरांना मी हाऊसारखाच देतो.

७. मला पिकाचू पाहिजे. ईव्ही चालेल का?

दोन्ही चालतात आणि दोघांना गेममध्ये आधार आहे. यलो गेममध्ये पिकाचूच स्टार्टर होता, आणि तो थंडर स्टोन (रूप बदलायचा दगड) दिला तरी घेत नाही, रायचू व्हायला तयारच नाही. २०१८च्या लेट्स गो गेम्समध्ये पिकाचू नाहीतर ईव्ही मिळतात, आणि तिथली जोडीदार ईव्ही पण रूप बदलत नाही. एरवी ईव्हीची आठ रूपं होऊ शकतात, त्यामुळं लोक ईव्ही मागतात ते याच आशेनं. आमच्याकडं सौदा सरळ आहे: स्टार्टर म्हणून घेतलात तर ती कायम ईव्हीच राहणार, बदल्यात तिला पहिल्या दिवसापासून एक जास्तीचा अटॅक. रूपं पाहिजेत तर नंतर दुसरी पकडा.

८. ड्रॅटिनी, बेल्डम, मॅजिकार्प, किंवा थेट लेजेंडरी घेऊ का?

लेजेंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि फार ताकदवान पोकेमॉन, नाही. हे विचारणारा हमखास म्हणतो की पाल्डियात सुरुवातीलाच कोरायडॉन किंवा मिरायडॉन मिळतो. मिळतो, पण बसून फिरायला, कथेत बराच काळ तो लढायला उतरत नाही. तसा पाहिजे असेल तर वाहन म्हणून विचार करू.

ड्रॅटिनी आणि लार्विटार पण नाही, कारण गमतीचं आहे, ते खूप ताकदवान म्हणून नाही तर सुरुवातीला खूप रडवतात म्हणून. ड्रॅटिनी लेव्हल ३०ला रूप बदलतो आणि मग ५५ला, लार्विटारचं पण तेच. तोपर्यंत बाकीच्यांचे स्टार्टर शेवटच्या रूपाला पोचलेले असतात आणि तुम्ही तोंड पाडून बसता. बेल्डमला तर जुन्या गेम्समध्ये स्वतःहून एकच अटॅक येतो, टेक डाउन, ज्यात त्यालाच लागतं.

मॅजिकार्प मात्र घ्या! लेव्हल १५पर्यंत नुसता फडफडतो, काहीच होत नाही, पण २०ला गायराडॉस होतो. आमच्याकडं जो मॅजिकार्प घेतो त्याच्यासाठी सगळं टेबल जीव टाकतं, चार माणसं मिळून त्याला २०पर्यंत नेतात, आणि त्या संध्याकाळी वडापाव त्यानं द्यायचा असा रिवाज पडलाय.

९. माझी मुलगी ब्रीडर होणार म्हणते आणि स्टार्टर मादीच पाहिजे म्हणते. देता का?

देतो, आणि मुलगी हुशार आहे तुमची, तिनं वाचलेलं दिसतंय. गेममध्ये स्टार्टर पोकेमॉन साडेसत्त्याऐंशी टक्के नर असतात, म्हणजे आठात एक मादी. आणि अंड्यातून येणारं पिल्लू आईच्या जातीचं असतं. म्हणजे ट्रेनरला काही फरक पडत नाही, पण ब्रीडरच्या हातात नर बल्बासॉर आला तर बल्बासॉरची पिल्लं काढायला त्याला डिट्टो नावाचा पोकेमॉन शोधत हिंडावं लागतं, कारण डिट्टो जवळजवळ कुणाशीही जमवून घेतो. हा अंड्यांचा प्रकार गोल्ड-सिल्व्हर गेम्सपासून आला, १९९९ला, त्याआधी डे-केअर म्हणजे नुसतं सांभाळणं. ब्रीडरला आमच्याकडं फासा न टाकता नर-मादी निवडायची मुभा आहे. बाकी कुणालाच नाही.

१०. रेंजरला स्टार्टर असतो का? ते तर पकडतच नाहीत ना?

बरोबर, रेंजर पोकेबॉल वापरत नाही. २००६च्या रेंजर गेममध्ये त्याच्याकडं कॅप्चर स्टायलर नावाचं यंत्र असतं, त्यानं पोकेमॉनभोवती गोल काढून त्याची मदत मागायची, झाड तोडायचं, आग विझवायची, काम झालं की सोडून द्यायचा. कायमचा सोबती एकच, प्लसल नाहीतर मायनन. त्यामुळं आमच्याकडं रेंजरला एकच पोकेमॉन, स्टार्टर, आणि शेवटपर्यंत तोच. ऐकायला तोटा वाटतो पण रानात रेंजरला सगळ्यांची मदत फुकट मिळते.

२०१९चा पूर ज्यांनी गच्चीवरून बघितलाय ती पोरं रेंजर घेतात आणि पाण्यातला स्टार्टर मागतात, असं मी बऱ्याचदा बघितलंय. स्क्वर्टल छान आहे त्याला, पण माझा सल्ला मडकिप. चिखलात कामाचा, पुढं पाणी आणि जमीन असा दुहेरी होतो, आणि मग वीज त्याला लागतच नाही.

११. तुमचा नकाशा कांटोचा आहे का सांगलीचा?

बहुतेक जनावरं आणि नियम कांटोचे, जमीन आपली. कृष्णाकाठी पाण्यातले. जतकडं माडग्याळ मेंढ्यांच्या रानात वूलू, आटपाडीत खिल्लारांच्या जागी बैलासारखा टॉरस, म्हणून तिकडं ब्रीडर लोक सुखात असतात. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांवर विजेचे. कोयनेला पण विजेचेच, पण खाली खोल जमिनीचे, १९६७चा भूकंप माहीत असलेल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. कासच्या पठारावर किडे खाणाऱ्या झाडासारखा बेलस्प्राउट ठेवलाय आणि त्यावर मी खूश आहे, कारण तिथं सीतेची आसवं आणि दवबिंदू या खरोखरच किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, आणि कासला पोकेबॉल फेकायला बंदी, फक्त संशोधक नोंदी करू शकतो. चांदोलीत रेंजर सोबत असल्याशिवाय प्रवेश नाही.

बत्तीस शिराळ्यात एकान्स, म्हणजे सापासारखा पोकेमॉन. तिथं खऱ्या आयुष्यात नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवायची परंपरा होती आणि वन्यजीव कायदा आणि कोर्टामुळं त्यावर निर्बंध आले, ते आम्ही खेळात जसंच्या तसं आणलंय. ट्रेनर पकडायला बघतो, रेंजर अडवतो, गावकरी म्हणतात आमचा देव आहे. या एका गावात दोन-दोन रविवार जातात आणि एकही लढाई होत नाही. ज्यांना वाटतं की लढाईशिवाय या जगात काही नाही त्यांना मी पहिलं शिराळ्याला पाठवतो.

१२. स्टार्टरचं रूप कधी बदलतं? आणि बदलायला नको असेल तर?

बल्बासॉर लेव्हल १६ आणि ३२ला, चारमँडर आणि स्क्वर्टल १६ आणि ३६ला. बाकी प्रदेशांत थोडा फरक, सिंडाक्विल १४लाच बदलतो, टोटोडाइल १८ला पण मग ३०लाच शेवटचं रूप. नको असेल तर गेममध्ये बदलताना बी बटण दाबायचं किंवा एव्हरस्टोन हा रूप थांबवणारा दगड द्यायचा. आमच्याकडं बटण नाही, नुसतं "नको" म्हणा. कॉन्टेस्टवाले बहुतेक नकोच म्हणतात.

१३. मित्राशी अदलाबदल केली तर तो पोकेमॉन माझं ऐकत नाही, हे काय?

अदलाबदलीत आलेला पोकेमॉन दीडपट वेगानं शिकतो, पण जुन्या गेम्समध्ये तुमच्याकडं पुरेसे बॅज नसतील आणि त्याची लेव्हल जास्त असेल तर तो झोपतो, पाठ फिरवतो, मनाला येईल ते करतो. स्वतःचा स्टार्टर तिथं असं करत नाही. ज्या करिअरला बॅजच नाहीत त्यांचं काय, असा बरोबर प्रश्न येतो, तर आमच्याकडं नर्स, ब्रीडर, संशोधक यांना बॅजऐवजी कामाचा हुद्दा मोजतो. आठ बॅज म्हणजे आठवा हुद्दा. स्टार्टरची अदलाबदल मात्र बंद, रडारड होते.

१४. मधेच करिअर बदललं तर स्टार्टर पण बदलायचा का?

करिअर बदला, स्टार्टर राहतो. हुद्दा निम्मा होतो. अपवाद रेंजरचा: ट्रेनर रेंजर झाला तर संघातल्या सहांपैकी बाकीचे पाच पोकेमॉन कुणाकडं तरी ठेवावे लागतात, डे-केअर, घर, मित्र, आणि हे ठेवायला जाण्याचा एक पूर्ण प्रसंग खेळायचा, नुसतं खोडरबरानं नावं पुसायची नाहीत.

१५. टीम रॉकेटमध्ये (गेममधली गुंडांची टोळी) जाता येतं का?

मोठ्यांच्या टेबलावर हो, लहानांच्या नाही. गेममध्ये तुम्हाला ऑफर येतेच, सेरुलियनच्या पुलावर पाच जणांना हरवलं की एक माणूस सोन्याचा नगेट देतो आणि म्हणतो ये आमच्यात. तुम्ही जात नाही. आणि त्यांचा म्होरक्या जिओव्हानी दिवसा काय करतो? विरिडियनचा जिम लीडर, ओकच्या नातवाच्या आधीचा. म्हणजे आमच्या भाषेत मुख्य करिअर आणि जोडधंदा, कुठलं कुठलं ते तुम्ही ठरवा.

१६. स्टार्टर मरतो का?

लढाईत नाही. हेल्थ संपली की बेशुद्ध पडतो आणि सेंटरमध्ये बरा होतो. पण या जगात मरण नाहीच असं नाही, लॅव्हेंडर गावात पोकेमॉनच्या थडग्यांचा अख्खा टॉवर आहे. आमच्याकडं लहानांच्या टेबलावर तो विषय निघत नाही. आणि एक, स्टार्टर अर्धमेला झाला की लगेच मागं घेऊ नका, हेल्थ एक तृतीयांशाच्या खाली गेली की त्या तिकड्यांच्या स्वतःच्या टाइपचा अटॅक दीडपट होतो, शेवटच्या क्षणी डाव फिरतो तो यामुळंच.

१७. दुसरा स्टार्टर कधी मिळतो?

गेममध्ये सगळीकडं मिळत नाही, पण एक्स-वाय गेम्समध्ये प्रोफेसर सिकामोर नंतर कांटोच्या तिघांतला एक पण देतो, मेगा रूपासाठीच्या मेगा स्टोनसकट. आमच्याकडं चौथ्या हुद्द्याला, आणि तो तुमच्या करिअरला न शोभणारा घ्यायचा अशी अट आहे. आमच्या एका नर्सकडं त्यामुळं चारमँडर आहे आणि तो सेंटरमध्ये सारखं काहीतरी पेटवतो.

१८. पोकेमॉन गो खेळलोय, ते चालेल ना?

ओळख म्हणून चालेल. तिथं पण सुरुवातीला तेच तिघं येतात, त्यांना टाळून चालत राहिलात तर पिकाचू येतो. पण गो मध्ये करिअर नाही, आणि तिथल्या आकड्यांचा इथं काही उपयोग नाही. प्रश्न २ पासून सुरुवात करा.

१९. वय किती पाहिजे आणि येताना काय आणायचं?

कार्टूनमध्ये दहाव्या वर्षी प्रवास सुरू होतो, आमच्याकडं वाचता आलं की बास. आठच्या आतलं मूल असेल तर सोबत आई-बाबा, काका, आजी कुणीतरी बसा, एक आजी आता स्वतःच डे-केअर चालवतात. पेन्सिल, खोडरबर, पाण्याची बाटली. फासे आमच्याकडं आहेत. स्टार्टरचं नाव घरून ठरवून या, "शेरू" आणि "टायगर" सोडून, ते दोन-दोन झालेत.